कडाक्याच्या थंडीत गोठा किती बंद करावा?

गोदाकाठचा मळा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमचा मळा निफाड तालुक्यात गोदावरीच्या काठापासून जवळच आहे. घरी चार एकर द्राक्षबाग, सात संकरित गाई, दोन मुऱ्हा म्हशी आणि या हंगामात जन्मलेली पाच वासरे आहेत. आमच्या भागातल्या थंडीविषयी वेगळे सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातले किमान तापमान दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात छापून येते आणि डिसेंबर २०१८ मध्ये तर तिथला पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. अशा रात्री आमच्याकडे सगळे द्राक्षबागेत जागे असतात. मणी तडकू नयेत म्हणून बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवल्या जातात, वीज असेल तर पहाटे पाणी दिले जाते आणि बागेच्या धावपळीत गोठ्याकडे लक्ष द्यायचे राहून जाते, हे मला आता मान्य करावेच लागेल.

गेल्या जानेवारीत बारा दिवसांची एक कालवड माझ्या हातून गेली. ती मला अजून विसरता येत नाही, म्हणूनच हा धागा काढत आहे. थंडी वाढणार असे कळल्यावर मी गोठ्याच्या चारही बाजू ताडपत्रीने जमिनीपासून पत्र्यापर्यंत पूर्ण झाकून घेतल्या होत्या. दारालाही गोणपाटाचा पडदा होता. आत गेल्यावर छान ऊब जाणवत असे, त्यामुळे जनावरे सुरक्षित आहेत असे मी धरून चाललो. मात्र पहाटे पत्र्यावरून टपटप पाणी गळायचे. बाहेर पडणारे दहिवर पत्र्याच्या सांध्यांतून आत येत असावे असे वाटून मी सांधे बुजवले, तरीही गळणे थांबले नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी दोन वासरे खोकू लागली. एकाच्या नाकातून घट्ट शेंबूड आला, दुसरीने दूध सोडले आणि डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेल्यानंतरही तिसऱ्या दिवशी ती दगावली. तिला न्यूमोनिया झाला होता असे डॉक्टरांनी सांगितले.

एवढी काळजी घेऊनही असे का झाले, हा माझा प्रश्न आहे. गोठा याहून अधिक बंद करायला हवा होता की मुळात माझे काहीतरी चुकले? यंदा पुन्हा पहाटेचा गारठा वाढू लागला आहे आणि घरात आठ दिवसांचे एक वासरू आहे, म्हणून अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

येवल्याचा शेतकरी

दादा, कालवडीचे वाचून फार वाईट वाटले. आमच्याकडे वडिलांच्या काळापासून गोठ्याच्या मधोमध गोवऱ्यांची धग ठेवण्याची पद्धत आहे आणि रात्री दोनदा उठून ती पुन्हा सारखी करावी लागते. तुम्ही गोठा बंद केला होता, पण आत ऊब देणारे काही ठेवले नव्हते, त्यामुळे थंडी बाधली असावी असे मला वाटते. धुरामुळे डासही कमी होतात.

निवृत्त पशुवैद्य

मी जवळजवळ तीस वर्षे नाशिक आणि नगर भागात जनावरांवर उपचार केले आहेत. येवल्याच्या मित्रांचा हेतू चांगला आहे, तरीही त्यांच्या सल्ल्याशी मी सहमत नाही, आणि तो का नाही हे नीट समजावून सांगणे मला आवश्यक वाटते.

गोदाकाठच्या दादांनी पत्र्यावरून गळणाऱ्या पाण्याचे जे वर्णन केले आहे, त्यातच त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आहे. ते पाणी बाहेरच्या दहिवराचे नव्हते. एक मोठी गाय श्वासावाटे आणि कातडीवाटे दिवसाकाठी कित्येक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर टाकते, शिवाय शेणामुताची वाफ वेगळीच. नऊ मोठी जनावरे एका बंद खोलीत रात्रभर उभी असली, तर ही सगळी वाफ वर जाऊन गार पत्र्याला लागते आणि तिचे पाणी होऊन खाली ठिबकते. म्हणजे बाहेर आकाश कोरडे असताना तुमच्या वासरांवर रात्रभर पाऊस पडत होता. त्याच्या जोडीला कोंडलेल्या मुतातून सुटणारा अमोनिया वासराच्या श्वासनलिकेचे आतले अस्तर दुखावतो, आणि असे दुखावलेले अस्तर जंतूंना अडवू शकत नाही. तुम्हाला उभ्याने ऊब जाणवली, परंतु वासरू जमिनीपासून दीड फुटावर श्वास घेते. उद्या पहाटे धार काढायच्या आधी वासरांच्या जागी उकिडवे बसा आणि दोन मिनिटे शांतपणे श्वास घ्या. डोळे चुरचुरले किंवा नाकाला झोंबले, तर ती जागा वासराला राहण्यायोग्य नाही, मग ती कितीही उबदार असो.

कोरड्या अंगाचे, पोटभर खाल्लेले आणि वाऱ्यापासून आडोशाला असलेले मोठे जनावर आपल्याकडची थंडी सहज सोसते, कारण त्याच्या कोठीपोटात चारा आंबत असताना सतत उष्णता तयार होत असते. वासराकडे ही शेगडी नसते. त्याचे कोठीपोट अजून कामाला लागलेले नसते, अंगावर चरबी नसते आणि वजनाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा असतो. पहिल्या तीन आठवड्यांतल्या वासराला साधारण १५ अंशांच्या खालीच शरीर गरम राखण्यासाठी जादा शक्ती खर्च करावी लागते. आपल्याला केवळ स्वेटर घालावासा वाटतो तेव्हा त्या वासराची झीज सुरू झालेली असते. त्याचे अंग ओले असेल आणि त्यावर वारा लागत असेल, तर ही झीज कितीतरी पटींनी वाढते. म्हणून वारा खालून अडवावा आणि वाफेला वरून वाट द्यावी. आडोसा जनावराच्या उंचीपर्यंत, म्हणजे चार ते पाच फूट, घट्ट असावा आणि त्याच्या वर पत्र्यापर्यंतची जागा मोकळी असावी. पत्र्याच्या दोन उतारांमध्ये मधोमध फट ठेवता आली तर फारच उत्तम.

शेकोटीविषयी बोलायचे तर धुराने वासराच्या फुप्फुसांचे जे नुकसान होते, त्यापुढे त्या उबेची किंमत काहीच नाही. बंद जागेत धगधगणाऱ्या निखाऱ्यांचा विषारी वायू वेगळाच. शिवाय बाजूला कडब्याची गंजी आणि दावणीला बांधलेली जनावरे असताना गोठ्यात विस्तव ठेवणे किती धोक्याचे आहे, हे ज्यांनी गोठा जळताना पाहिला आहे त्यांना सांगावे लागत नाही. दाव्याला बांधलेले जनावर पळू शकत नाही. मी असे दोन गोठे पाहिले आहेत आणि त्यानंतर शेकोटीचा सल्ला मी कधीही, कोणालाही दिलेला नाही.

येवल्याचा शेतकरी

डॉक्टरसाहेब, आपण सविस्तर लिहिलेत त्याबद्दल आभार. आमच्याही गोठ्यात वासरे हिवाळ्यात खोकतात. आजवर तो थंडीचाच खोकला असे आम्ही मानत आलो. आजपासून धग गोठ्याबाहेर, माणसांपुरतीच ठेवतो.

गोदाकाठचा मळा

डॉक्टरसाहेब, पत्र्यावरच्या पाण्याचा उलगडा वाचून मी बराच वेळ सुन्न होऊन बसलो होतो. आज पहाटे उकिडवा बसून पाहिले आणि दोन मिनिटे पूर्ण होण्याआधीच उठावे लागले. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आमचा गोठा पूर्व-पश्चिम लांब आहे, तेव्हा कोणती बाजू आधी बंद करावी? आणि वासराच्या खाली काय अंथरावे? आमच्याकडे सिमेंटचा कोबा आहे.

निवृत्त पशुवैद्य

हिवाळ्यात आपल्याकडे बोचरा वारा बहुतेक उत्तरेकडून आणि ईशान्येकडून येतो, म्हणून उत्तरेची बाजू आणि पूर्वेचा कोपरा आधी घ्या. दक्षिणेची बाजू दिवसा पूर्ण उघडी ठेवा, कारण या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि तेच ऊन गोठ्यात खोलवर शिरून कोबा वाळवते. पडदे सकाळी आठ-नऊच्या सुमारास गुंडाळून वर बांधता येतील असेच लावा. खिळ्यांनी कायमचे ठोकलेले पडदे कोणी काढत नाही.

कोबा हा वासराचा मोठा शत्रू आहे. सिमेंट अंगातली उष्णता ओढून घेते आणि वासरू दिवसाचा बहुतांश वेळ बसूनच काढते. उसाचे पाचट, भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड असे किमान सहा ते आठ इंच जाड अंथरा, म्हणजे बसलेल्या वासराचे पाय त्यात बुडून दिसेनासे होतील. रोज वर कोरडा थर टाका आणि ओला भाग काढून टाका. ओले झाले की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. त्यावर गुडघे टेकून अर्धा मिनिट बसा. पायजमा ओलसर लागला, तर अंथरूण बदलायची वेळ झाली आहे.

शंभर-दीडशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर घरात असू द्या. वासराचे गुदद्वारातले तापमान ३८.५ ते ३९.३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते ३७.५ च्या खाली आले, तर वासरू गारठलेले आहे असे समजा आणि वाट न पाहता हालचाल सुरू करा. तोंडात बोट घालून पाहिल्यास तोंड गार लागते, हीसुद्धा जुन्या लोकांची खात्रीशीर खूण आहे.

आणि चिकाबद्दल लिहिल्याशिवाय मला थांबवत नाही. हिवाळ्यात जन्मलेल्या वासराला जन्मल्यापासून पहिल्या दोन तासांत चीक मिळालाच पाहिजे. वार (झार) पडेपर्यंत चीक पाजू नये ही समजूत अजूनही गावोगावी आहे आणि तिने असंख्य वासरांचा घास घेतला आहे. वजनाच्या एक दशांश, म्हणजे तीस किलोच्या वासराला तीन लिटर चीक, पहिल्या बारा तासांत दोन-तीन वेळा विभागून द्यावा. वासराच्या आतड्याला चिकातली रोगप्रतिकारद्रव्ये जशीच्या तशी शोषून घेण्याची जी क्षमता असते, ती तासागणिक कमी होत जाऊन एका दिवसात संपते. थंडीत चिकाचा दुसरा उपयोग असा की ते वासराच्या पोटात पडणारे पहिले इंधन असते.

सिन्नरची शेळीपालक

डॉक्टरकाका, माझ्याकडे संगमनेरी आणि उस्मानाबादी मिळून चाळीस शेळ्या आहेत. त्या मचाणावर ठेवलेल्या असतात. मचाण लाकडी पट्ट्यांचे आहे आणि लेंड्या खाली पडून जागा कोरडी राहते, त्यामुळे पावसाळ्यात त्याचा मोठा आधार होतो. मात्र पहिल्या हिवाळ्यात माझी करडे मचाणावर एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसायची आणि खालची करडे गुदमरायची. कारण शोधताना लक्षात आले की पट्ट्यांच्या फटींतून खालून वारा येत होता. चारही बाजूंनी पडदे लावूनही वारा खालून येणारच याचा मी विचार केला नव्हता. आता करडांच्या भागात मचाणाच्या खाली उत्तरेच्या बाजूने पत्रा उभा केला आहे. वर दुहेरी बारदान टाकते, ते रोज सकाळी उचलून उन्हात वाळवते आणि रात्री पुन्हा अंथरते.

माझ्या हातून झालेली आणखी एक चूक इथे लिहिते, म्हणजे इतरांकडून ती होणार नाही. रात्री तिळे व्यालेल्या शेळीचे तिसरे करडू पहाटे मला ओलेच आणि ताठरलेले सापडले. ते मान धरत नव्हते. मी घाईने कोमट दूध बाटलीने त्याच्या तोंडात ओतले, ते ठसकले आणि थोड्या वेळात गेले. आमच्या पशुवैद्यक ताईंनी नंतर समजावले की गारठलेल्या करडाला गिळता येत नाही. त्यामुळे दूध फुप्फुसात उतरते आणि पोटात गेले तरी पचत नाही. आधी करडाला गरम करायचे, अंग कोरडे करायचे, ते मान वर उचलू लागले आणि बोट चोखू लागले की मगच दूध द्यायचे. आता मी गारठलेल्या करडाला मान वर धरून साधारण ४० अंशांच्या कोमट पाण्यात बसवते, मग टॉवेलने अगदी मुळापर्यंत कोरडे करते आणि कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्यांमध्ये ठेवते. आमच्याकडे रात्रीची वीज बेभरवशाची आहे, त्यामुळे बल्बवर विसंबून राहता येत नाही आणि या बाटल्यांचाच आधार आहे. गेल्या हंगामात अशी चार करडे वाचली.

निवृत्त पशुवैद्य

ताई, आपण लिहिलेला क्रम अगदी बरोबर आहे. फक्त एक भर घालतो. करडू जन्मून पाच-सहा तासांपेक्षा जास्त वेळ उपाशी असेल आणि तापमान ३७ च्या खाली असेल, तर त्याच्या रक्तातली साखर संपलेली असते आणि नुसती ऊब दिल्यास ते झटके येऊन जाऊ शकते. अशा वेळी आधी ग्लुकोज द्यावे लागते आणि ते पोटाच्या पोकळीत इंजेक्शनने द्यायचे असल्यामुळे पशुवैद्यकानेच द्यावे. जन्मल्यानंतर लगेच सापडलेल्या करडाला मात्र तुमची पद्धत पुरेशी आहे.

पारनेरचा मेंढपाळ

मी शिकून नोकरीला लागलो असलो तरी घर मेंढपाळाचे आहे आणि माझे काका आजही दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरून कोकणात जातात. इथे गोठ्याची चर्चा चालली आहे, पण ज्यांना गोठाच नाही त्यांच्याविषयीही थोडे लिहावेसे वाटले.

डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत पुणे आणि नगर जिल्ह्यांत जो अवकाळी पाऊस झाला, त्यात जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर या भागांत शेकडो मेंढ्या आणि शेळ्या एका रात्रीत दगावल्या. आमच्या काकांच्या कळपातलीही जनावरे गेली. त्या रात्री थंडी निफाडइतकी मुळीच नव्हती, त्याहून कितीतरी गार रात्री आमच्या मेंढ्यांनी उघड्या माळावर वाघरीत, म्हणजे कळपाभोवती लावलेल्या जाळीच्या कुंपणात, निभावल्या आहेत. डॉक्टरसाहेबांनी लिहिलेले वाचताना मला तीच रात्र आठवत होती. कोरडी लोकर म्हणजे मेंढीचे घोंगडे असते, कारण तिच्यात हवा कोंडलेली असते. दिवसभराच्या पावसाने लोकर आतपर्यंत भिजली की तीच लोकर ओल्या घोंगड्यासारखी अंगाला चिकटून राहते आणि त्यावर रात्रभर वारा लागला की मेंढी बसल्या जागी गार होते. दिवसभर चरायला न मिळाल्यामुळे पोटेही रिकामी होती. सकाळी काका एकेका मेंढीला पायाने हलवून पाहत होते आणि त्या उठत नव्हत्या, हे मी स्वतः पाहिले आहे.

तेव्हापासून आम्ही एक गोष्ट ठरवून पाळतो. पावसाचा अंदाज फोनवर आला की त्या दिवशी मुक्काम हलवायचा आणि टेकडीच्या वाऱ्याआडच्या उतारावर थांबायचे. ओढ्याच्या काठाला किंवा खोलगट शेतात वाघर लावायची नाही, कारण गार हवा आणि पाणी दोन्ही तिथेच गोळा होतात. घोड्यावरच्या सामानात प्लॅस्टिकचा मोठा कागद आणि बांबू कायम असतात. त्याखाली निदान कोकरे, गाभण मेंढ्या आणि नुकत्याच कातरलेल्या मेंढ्या मावतात. उरलेला कळप भिजला तरी वाऱ्याआड असतो. शेतकरी बांधवांना माझी एवढीच विनंती आहे की असा दिवस आला आणि तुमच्या शेताजवळ कळप असला, तर रिकामी शेड किंवा कांद्याची चाळ एका रात्रीसाठी उघडून द्या. त्या रात्री एका शेतकऱ्याने पोल्ट्रीची रिकामी शेड उघडून दिली, म्हणून आमचा अर्धा कळप वाचला.

गोदाकाठचा मळा

दादा, आमच्याकडे दोन कांदाचाळी आहेत आणि डिसेंबरात त्या बहुतेक रिकाम्याच असतात. असा विचार कधी मनात आला नव्हता. आमच्या शिवारात कळप उतरतात, त्यांना मी आजच सांगून ठेवतो.

वैनगंगेकाठची

आमचे घर भंडारा जिल्ह्यात आहे. नाशिककडची थंडी सगळ्यांना माहीत असते, पण विदर्भाच्या थंडीची चर्चा कमी होते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते आणि तो आठवडा आमच्या म्हशींनी फार कष्टाने काढला. म्हैस काळी आणि धिप्पाड दिसत असली तरी तिच्या अंगावर केस विरळ असतात, त्यामुळे गाईपेक्षा तिला थंडी लवकर बाधते. त्या आठवड्यात आमच्या चार म्हशींचे मिळून दूध दिवसाला पाच लिटरने घटले.

खुराक वाढवूनही दूध वाढेना, तेव्हा माझ्या सासूबाईंनी कारण ओळखले. म्हशी पाणीच पीत नव्हत्या. रात्रभर उघड्या टाक्यात साठलेले पाणी सकाळी इतके गार होई की म्हैस तोंड बुडवून लगेच मान वर करी. दूध देणाऱ्या जनावराला दर लिटर दुधामागे चार-पाच लिटर पाणी लागते, ते पोटात गेलेच नाही तर दूध येणार कुठून? आता आम्ही टाके रात्री रिकामे ठेवतो आणि सकाळी बोअरचे ताजे पाणी त्यात सोडतो. जमिनीखालून आलेल्या त्या पाण्याला हिवाळ्यात वाफ येताना दिसते, इतके ते कोमट असते, आणि म्हशी ते आनंदाने पितात. त्यासाठी जळण लागत नाही की पैसा लागत नाही. सकाळी वीज नसेल त्या दिवशी एक घमेले पाणी चुलीवर तापवून टाक्यातल्या पाण्यात मिसळतो. म्हशी धुण्याचे काम दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान, ऊन असेल त्या दिवशीच करतो. अंथरायला आमच्याकडे भाताची तणस मुबलक आहे. सोयाबीनचे कुटार मात्र टोचते, ते वासरांखाली घालत नाही.

म्हैस पाळणाऱ्या ताई-दादांना आणखी एक आठवण करून द्यायची आहे. हिवाळा हाच म्हशी माजावर येण्याचा मुख्य हंगाम असतो. म्हशीचा माज मुका असतो आणि बहुधा रात्री किंवा पहाटे दिसतो. थंडीमुळे आपण पांघरुणातून उठत नाही, आणि एक माज चुकला की एकवीस दिवस वाया जातात. पहाटेची फेरी गारठा पाहायला मारावीच लागते, तेव्हा तिच्या सोटाकडेही (माजाच्या चिकट स्रावाकडे) नजर टाकावी.

बालाघाटचा लेक

आमचे गाव बीड जिल्ह्यात आहे. माझे आईवडील दर वर्षी ऊसतोडीला बैलगाडी घेऊन जातात. लहानपणी पाच-सहा हिवाळे मी कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत, काढले आहेत. तिथे बैलांना गोठा नसतो. पहाटे चारला उसाने भरलेली गाडी ओढताना बैल घामाने निथळतो आणि कारखान्यावर नंबर येईपर्यंत त्याच घामेजल्या अंगाने दोन-तीन तास उघड्यावर उभा राहतो. वडील गाडी थांबली रे थांबली की कोरड्या पाचटाच्या बोळ्याने बैलांची पाठ आणि छाती जोरजोराने चोळत, मग बारदानाची झूल पाठीवर टाकून ती पोटाखालून दोरीने बांधत आणि गाडी अशी वळवून उभी करत की बैल वाऱ्याच्या आडोशाला येतील. झूल मात्र ते ओल्या अंगावर कधीच टाकत नसत. अंग आधी कोरडे, मग झूल, हा त्यांचा नियम आहे. सकाळी ऊन आले की झूल काढून गाडीच्या दांड्यावर वाळत घालतात, कारण दिवसभर तशीच राहिलेली ओलसर झूल रात्री उपयोगाची राहत नाही आणि तिच्याखाली उवा होतात.

ज्यांच्या गोठ्यात जनावरे सुखाने बसलेली असतात, त्यांनी आपल्या रस्त्यावर रांगेत उभ्या असलेल्या या बैलांकडे पाहून निदान एक बादली कोमट पाणी दिले, तरी आमच्या माणसांना ते आयुष्यभर आठवते.

मंचरचा पोल्ट्रीवाला

पक्ष्यांबद्दल थोडक्यात लिहितो. ब्रूडिंगमध्ये, म्हणजे पिल्लांना बाहेरून ऊब देण्याच्या काळात, पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश तापमान लागते आणि पुढे दर आठवड्याला ते तीन-एक अंशांनी उतरवतात. तापमापीपेक्षाही पिल्लांकडे पाहावे. ती बल्बखाली गोळा झाली तर गारवा आहे, कडेला पळाली तर उष्णता जास्त आहे, सारखी पसरली तर ठीक आहे. पडदे खालून पक्के आणि वरून उघडणारे असावेत. डॉक्टरसाहेबांनी गोठ्यासाठी सांगितले तेच आम्हालाही लागू आहे, कारण थंडीत शेड कोंडून ठेवली की ब्रॉयलरला प्राणवायू कमी पडतो, हृदयावर ताण येतो आणि पोटात पाणी होऊन पक्षी मरतात. आमच्याकडे हिवाळ्यातली बरीच मरतूक अशा जलोदराची असते.

मॅडिसनहून

मी मूळचा सांगलीचा, सध्या अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात एका डेअरी फार्मवर काम करतो. इथे जानेवारीत पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत जातो. पहिल्या वर्षी मला वाटले होते की गोठे पूर्ण बंद आणि आतून तापवलेले असतील. प्रत्यक्षात आमच्या गाईंच्या शेडच्या छताला मधोमध लांबच लांब फट आहे आणि ती भर हिमवर्षावातही उघडी असते. वासरांच्या अंगावर जाड जॅकेट असते, खाली गव्हाच्या काडाचा खोल थर असतो आणि रात्री तिसऱ्यांदा दूध दिले जाते. जॅकेट घालण्याआधी वासराचे अंग पूर्ण कोरडे आहे की नाही, हे आमच्या पर्यवेक्षक बाई प्रत्येक वेळी हात फिरवून पाहतात. बालाघाटच्या दादांच्या वडिलांचा नियम इथे वाचून मला फार भरून आले.

गोदाकाठचा मळा

आपल्या सर्वांच्या सूचनांप्रमाणे काम सुरू केले आहे. खाद्याबद्दल आणखी एक शंका आहे. थंडीत खुराक किती वाढवावा? आणि आमच्या शेजारी खरिपाच्या ज्वारीची कापणी झालेल्या रानात हिरवे फुटवे आले आहेत, ते कापून आणले तर चालतील का?

निवृत्त पशुवैद्य

ते फुटवे कृपया आणू नका आणि जनावरे त्या रानात सोडूही नका. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत विष तयार होते. कडाक्याच्या थंडीचा किंवा हिमकणांचा तडाखा बसला की त्याचे प्रमाण आणखी वाढते. यालाच आपल्याकडे किराळ लागणे म्हणतात. जनावर चरता चरता थरथरते, तोंडाने श्वास घेते आणि काही मिनिटांत कोसळते, डॉक्टर पोहोचेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

खुराक एकदम वाढवू नका. मक्याचा भरडा किंवा पेंड एका दिवसात दोन किलोंनी वाढवली तर पोटात आम्लता होऊन जनावर आडवे होते. आठवडाभरात हळूहळू अर्धा ते एक किलो वाढवला तरी पुरे आहे. थंडीसाठी खरा चारा म्हणजे कडबा, कारण कोरडी वैरण पोटात सावकाश आंबते आणि रात्रभर उष्णता देत राहते. म्हणून कुट्टीचा मोठा वाटा संध्याकाळी उशिरा, आठ-नऊच्या सुमारास गव्हाणीत टाका. दहिवराने भिजलेला लसूणघास सकाळी रिकाम्या पोटी घालू नका, पोटफुगी होते. वासराला मॅडिसनच्या मित्राने लिहिल्याप्रमाणे रात्री एक लिटर कोमट दूध जास्तीचे द्या.

शेवटी एक धोक्याची खूण सांगतो, कारण दर हिवाळ्यात माझा फोन यासाठी वाजतो. नुकतीच व्यालेली, भरपूर दूध देणारी गाय बसून राहिली, मान बरगडीकडे वळवली, कान आणि अंग गार लागले, तर लोक थंडी बाधली समजून तिला झूल घालतात आणि गूळपाणी पाजत बसतात. ती थंडी नसते, तो दुग्धज्वर असतो. रक्तातले कॅल्शियम घसरल्यामुळे अंग गार पडते आणि शिरेतून सावकाश दिलेले कॅल्शियम हाच त्यावर उपाय असतो. अशा गाईला तोंडाने काहीही पाजू नका, तिला गिळता येत नाही. तिला छातीवर टेकवून बसती ठेवा आणि ताबडतोब पशुवैद्यकाला बोलवा. वेळेवर उपचार मिळाला तर हीच गाय तासा-दोन तासांत उठून उभी राहते.

गोदाकाठचा मळा

डॉक्टरसाहेब, आज नऊ दिवसांनी लिहीत आहे. ताडपत्री पाच फुटांवर कापून घेतली, वरची जागा मोकळी सोडली आणि उत्तरेच्या बाजूला बारदानाचे दोन थर बांधले. वासरांना दावणीच्या पश्चिम टोकाला, उसाच्या पाचटाच्या आठ इंच थरावर वेगळे ठेवले आहे. द्राक्षबागेतल्या शेकोट्यांचा धूर गोठ्यावर येतो हेही या निमित्ताने लक्षात आले, म्हणून गोठ्याच्या वरच्या अंगाच्या तीन ओळींत शेकोटी न पेटवण्याचे ठरवले आहे. तिथले काही घड तडकले तर तडकू देत.

काल पहाटे मळ्यातल्या तापमापीवर ५ अंश होते. पत्रा कोरडा होता, एक थेंबही गळला नाही. वासराचे तापमान ३८.७ भरले. मोठ्या वासराला मात्र अजून अधूनमधून खोकला आहे, नाक स्वच्छ आहे आणि ते दूध पूर्ण पिते. त्याला आणखी काही दिवस नुसते पाहत राहावे की आताच दाखवून घ्यावे?

निवृत्त पशुवैद्य

आज आणि उद्या, सकाळ-संध्याकाळ तापमान मोजून इथे लिहा. ३९.५ च्या वर गेले किंवा बसल्या जागी बरगड्या जोराने हलताना दिसल्या, तर एक दिवसही थांबू नका.